शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा: समुद्रविज्ञानाच्या आधारे मार्ग, तयारी आणि नोंदी

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा विचार ज्याच्या मनात येतो, तो बहुतेक वेळा सर्वप्रथम नौका शोधू लागतो. माझ्या मते क्रम उलटा असावा. आधी समुद्राचे वार्षिक वेळापत्रक समजून घ्यावे, त्यावरून मार्ग आणि महिने ठरवावेत, मार्ग पाहून नौका निवडावी आणि नौका पाहून सामान. चुकीच्या महिन्यात चुकीच्या अक्षांशावर असलेली उत्तम नौकाही संकटात सापडते, आणि योग्य ऋतूत योग्य जागी असलेली साधी, जुनी नौका सुखरूप परत येते. जोशुआ स्लोकम यांनी १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ या स्वतः नव्याने बांधून काढलेल्या जुन्या लाकडी नौकेतून इतिहासातील पहिली एकट्याची प्रदक्षिणा पूर्ण केली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ‘सुहेली’तून कोठेही न थांबता ती ३१२ दिवसांत केली. उपग्रहांवरून स्थान सांगणारी साधने दोघांकडेही नव्हती. वाऱ्यांच्या पट्ट्यांचे ज्ञान मात्र होते, आणि ते ज्ञान आधीच्या असंख्य खलाशांनी लिहून ठेवलेल्या नोंदवह्यांतून आलेले होते.

प्रदक्षिणा कशाला म्हणायचे, हे सुरुवातीलाच स्पष्ट असावे. विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या जागतिक परिषदेच्या निकषांनुसार नौकेने सर्व रेखावृत्ते ओलांडली पाहिजेत, विषुववृत्त ओलांडले पाहिजे, निघालेल्या बंदरातच परतले पाहिजे आणि मार्गाची लांबी किमान २१,६०० सागरी मैल भरली पाहिजे. हा आकडा विषुववृत्ताच्या परिघाचा आहे, कारण ३६० अंशांच्या २१,६०० कला होतात आणि एक कला म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर. विक्रम करायचा नसला, तरी आखणीसाठी ही व्याख्या उपयोगी पडते.

वारे आणि महिने

विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर जाते, सुमारे ३० अंश अक्षांशांच्या आसपास खाली उतरते आणि पृष्ठभागावरून पुन्हा विषुववृत्ताकडे वाहू लागते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ही हवा उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते. त्यातून उत्तरेस ईशान्य व्यापारी वारे आणि दक्षिणेस आग्नेय व्यापारी वारे निर्माण होतात, तर दोहोंच्या मध्ये शांत पट्टा राहतो, जेथे वारा दिवसेंदिवस पडलेला असतो आणि मधूनच गडगडाटी पावसाचा झोत येतो. ३० अंशांच्या ध्रुवाकडील बाजूस पश्चिमी वारे सुरू होतात. दक्षिण गोलार्धात त्यांना अडवणारी जमीन फारशी नसल्यामुळे ४० अंशांच्या पलीकडे ते ‘गरजणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’ या नावांना साजेसे होतात.

याच रचनेमुळे प्रदक्षिणेचे दोन मार्ग पडतात. पहिला मार्ग व्यापारी वाऱ्यांबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो आणि पनामा कालव्यातून पॅसिफिकमध्ये उतरतो. दुसरा मार्ग दक्षिण महासागरातून पश्चिमेकडून पूर्वेकडे, केप ऑफ गुड होप, केप लीविन आणि केप हॉर्न या तिन्ही भूशिरांना वळसा घालून जातो. केप हॉर्न जवळजवळ ५६ अंश दक्षिणेस आहे, त्यामुळे तेथे जाणाऱ्याला थंडी, हिमनग आणि अखंड येणाऱ्या वादळी न्यूनदाब क्षेत्रांना तोंड द्यावेच लागते. पहिल्यांदा जाणाऱ्याने व्यापारी वाऱ्यांचा मार्ग घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. दक्षिणेकडील मार्गावर एखादी लहानशी मोडतोडही जवळच्या बंदरापासून हजारो मैलांवर दुरुस्त करावी लागते.

व्यापारी वाऱ्यांच्या मार्गाचे वेळापत्रक चक्रीवादळांचे ऋतू टाळून बनवलेले असते. उत्तर अटलांटिकमधील चक्रीवादळांचा ऋतू जून ते नोव्हेंबर असतो, म्हणून कॅनरी बेटांवरून नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरमध्ये निघावे. तोपर्यंत ईशान्य वारेही स्थिर झालेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पनामा ओलांडावे. पनामा ते गॅलापागोस हा सुमारे ९०० मैलांचा टप्पा शांत पट्ट्यातून जातो आणि अंतराच्या मानाने बराच वेळ खातो. त्यानंतर मार्केसास बेटांपर्यंत सुमारे ३,००० मैलांत कोठेही जमीन नाही, पण आग्नेय वारे एकदा मिळाले की हा संपूर्ण प्रवासातील बहुधा सर्वांत सुखाचा टप्पा ठरतो.

दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ असल्याने तेथे एप्रिलच्या सुमारास पोहोचावे आणि ऑक्टोबरअखेर बाहेर पडावे. येथे दोन पर्याय असतात. न्यूझीलंडला उतरून तो ऋतू तेथे काढता येतो, किंवा ऑगस्टमध्येच टॉरेस सामुद्रधुनी ओलांडून हिंदी महासागरात शिरता येते. दुसरा पर्याय घेतल्यास ऑक्टोबरमध्ये मॉरिशस, नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि दक्षिणेकडील उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, केप ऑफ गुड होप असा क्रम लागतो. तेथून आग्नेय वाऱ्यांवर सेंट हेलेना गाठून अटलांटिकमध्ये उत्तरेकडे वर यावे. अशी प्रदक्षिणा सुमारे दीड वर्षात होऊ शकते. पण हाताशी आणखी एक वर्ष असेल, तर दुरुस्तीला आणि विश्रांतीला घाईचा जाच राहत नाही.

एल निनोची स्थिती निघण्यापूर्वी अवश्य तपासावी. त्या काळात पॅसिफिकमधील व्यापारी वारे मंदावतात, उबदार पाणी पूर्वेकडे सरकते आणि चक्रीवादळेही त्याच्यामागून पूर्वेकडे पोहोचतात. एरवी बऱ्यापैकी सुरक्षित मानल्या जाणाऱ्या फ्रेंच पॉलिनेशियाला १९८२-८३ च्या एल निनोत लागोपाठ चक्रीवादळांचे तडाखे बसले होते.

मार्ग आखताना हवेचा आठवडाभराचा अंदाज कामाचा नसतो, तेथे मासिक मार्गदर्शक नकाशे लागतात. समुद्राच्या प्रत्येक चौकोनात त्या महिन्यात वारा कोणत्या दिशेने किती टक्के वेळ वाहतो, किती वेळा वादळी होतो, प्रवाह कोणीकडे जातो, हे त्यांवर दाखवलेले असते. ही पद्धत अमेरिकी नौदलातील मॅथ्यू फॉन्टेन मॉरी यांनी १८४० च्या दशकात सुरू केली. जहाजांच्या जुन्या नोंदवह्या जमवून त्यांनी वारे आणि प्रवाह नकाशावर मांडले आणि १८५३ मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या परिषदेत अनेक देशांनी एकाच पद्धतीने नोंदी घेण्याचे मान्य केले. बारा महिन्यांचे बारा नकाशे समोर पसरून आपला मार्ग त्यांवर टप्प्याटप्प्याने पेन्सिलीने काढावा. कोणत्या टप्प्यावर आपण उशिरा पोहोचलो तर काय वाढून ठेवलेले असेल, हे त्याशिवाय नीट दिसत नाही.

अगुल्हास प्रवाह: एका टप्प्याचा स्वतंत्र अभ्यास

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत नैऋत्येकडे वाहणारा अगुल्हास प्रवाह जगातील सर्वांत जोरदार प्रवाहांपैकी एक आहे आणि त्याचा वेग काही ठिकाणी चार-पाच नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जातो. त्याचा मुख्य ओघ समुद्रबूड जमिनीच्या कडेने, साधारणपणे २०० मीटर खोलीच्या रेषेच्या बाहेरून वाहतो. हा प्रवाह नौकेला पुढे नेतो, म्हणून तो हवाहवासा वाटतो. अडचण वारा नैऋत्येकडून सुटला की सुरू होते. प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने येणाऱ्या लाटांची लांबी कमी होते, उंची वाढते आणि त्यांचा उतार इतका तीव्र होतो की मोठी जहाजेही येथे मोडली आहेत.

म्हणून डर्बनहून निघताना नैऋत्य वारा ओसरून वायुभार चढून स्थिरावण्याची वाट पाहावी, पुढचा न्यूनदाब किती तासांनी येणार आहे हे पाहावे आणि तेवढ्या वेळात सुमारे अडीचशे मैलांवरील ईस्ट लंडन गाठता येईल, अशी खात्री असेल तरच नांगर उचलावा. मधल्या किनाऱ्यावर आसऱ्याचे बंदर जवळजवळ नाही. वाटेत नैऋत्य वारा लागलाच, तर प्रवाह सोडून २०० मीटरच्या रेषेच्या आत, किनाऱ्याकडे सरकावे, कारण तेथे प्रवाह क्षीण असतो आणि लाटा पुष्कळ सौम्य असतात. वादळात किनाऱ्याकडे जाणे दर्यावर्दीच्या मनाला पटत नाही, परंतु येथे भौतिकशास्त्र त्याच बाजूने आहे.

नौका, सुकाणू आणि पाणी

नौकेची लांबी ९ ते १२ मीटर असावी. तिचे सर्वांत मोठे शीड रात्री, थकलेल्या अवस्थेत, एका माणसाला उतरवता आले पाहिजे, आणि हीच खरी कसोटी आहे. सामान्य बनावटीच्या नौकेचा कमाल वेग पाणरेषेच्या लांबीवर अवलंबून असतो: मीटरमधील लांबीच्या वर्गमुळाला २.४३ ने गुणल्यास नॉटमधील वेग मिळतो. ९ मीटरच्या पाणरेषेला तो ७.३ नॉट येतो, पण आखणी दिवसाला ११० ते १३० मैल धरूनच करावी.

सुकाणू धरून एकटा माणूस काही तासांपलीकडे टिकत नाही. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेवर चालणारे यांत्रिक स्वयंसुकाणू हा या नौकेचा सर्वांत महत्त्वाचा भाग ठरतो. ब्लॉन्डी हॅस्लर यांनी १९६० च्या एकट्याच्या अटलांटिक शर्यतीत त्याची उपयुक्तता दाखवून दिली. हे यंत्र वीज खात नाही आणि वारा वाढला की अधिक जोराने काम करते. विजेवरचे स्वयंसुकाणूही सोबत ठेवावे, पण दुय्यम म्हणून. शांत पट्ट्यात वाऱ्यावरचे यंत्र निरुपयोगी होते, तेव्हा त्याचा उपयोग होतो.

पाण्याचा हिशेब टप्प्याच्या अंतरावरून करावा. ३,००० मैलांना १२० मैल रोज धरल्यास २५ दिवस लागतात. डोलकाठी मोडली तरी तग धरता यावा, म्हणून दीडपट, म्हणजे ३८ दिवसांचे पाणी घ्यावे. रोज ४ लिटर धरल्यास सुमारे १५० लिटर होतात, आणि ते किमान तीन वेगळ्या टाक्यांत भरावे, म्हणजे एक फुटली किंवा खारे पाणी शिरले तरी सगळे जात नाही. निर्क्षारीकरणाचे यंत्र असले तरी हा साठा कमी करू नये. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात आणि मानवी मूत्रपिंड तितके क्षार बाहेर टाकू शकत नाही. प्यायलेल्या समुद्रजलापेक्षा अधिक पाणी शरीराला गमवावे लागते.

डेकच्या दोन्ही बाजूंनी पुढून मागेपर्यंत सुरक्षादोर ताणलेले असावेत आणि केबिनबाहेर पाऊल टाकण्याआधी कमरेचा पट्टा त्यांना अडकवलेला असावा. पट्ट्याचा दोर आखूड हवा, म्हणजे माणूस पाण्यात पडण्याऐवजी डेकवरच अडकेल. स्वयंसुकाणूवर चाललेली नौका मागे वळून येत नाही. एकट्याच्या प्रवासात यापेक्षा मोठा धोका नाही. उपग्रहामार्फत संकटसंदेश देणारे ४०६ मेगाहर्ट्झचे उपकरण नौकेवर एक आणि अंगावर एक असावे. मात्र संदेश पोहोचणे आणि मदत पोहोचणे यांत फार अंतर असू शकते. २०१८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने प्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात अभिलाष टॉमी यांच्या नौकेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली, तेव्हा त्यांचे स्थान माहीत असूनही बचावजहाज तेथे पोहोचायला तीन दिवस लागले. त्यानंतर त्यांनी २०२२-२३ च्या त्याच शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला.

झोप

१९७२ च्या टक्कर टाळण्यासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचवा नियम प्रत्येक नौकेवर सदैव नजर ठेवली जावी, असे सांगतो. एकटा माणूस हा नियम पूर्णपणे पाळू शकत नाही, आणि ही गोष्ट मान्य करूनच झोपेची आखणी करावी लागते.

गणित असे आहे. डोळ्याची उंची पाण्यापासून अडीच मीटर असेल, तर क्षितिज सुमारे ३.३ सागरी मैलांवर असते. मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला २.०८ ने गुणून हे अंतर काढता येते. २० मीटर उंचीवरील जहाजाचा दिवा त्यात आणखी ९.३ मैलांची भर घालतो, म्हणजे तो सुमारे साडेबारा मैलांवरून दिसू शकतो. ते जहाज २० नॉटने आणि आपण ५ नॉटने समोरासमोर येत असू, तर ते अर्ध्या तासात आपल्यावर येते. धुरकट हवा, पाऊस आणि उंच लाटा यांमुळे प्रत्यक्षात वेळ याहून कमी मिळतो, आणि म्हणूनच जहाजांच्या वाटेवर १५ ते २० मिनिटांच्या झोपेची पद्धत रुळली आहे. गजर एकाच घड्याळावर सोपवू नये.

एआयएस हे जहाजांची ओळख आणि स्थान प्रसारित करणारे उपकरण आणि रडार, दोन्हींचे गजर चालू असावेत, कारण लहान मासेमारी नौकांवर एआयएस नसते किंवा बंद असते. जहाजांच्या मार्गांपासून आणि किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर असताना तासा-दीड तासाची सलग झोप घ्यावी. केवळ वीस मिनिटांच्या तुकड्यांवर आठवडे काढल्यास निर्णयशक्ती ढासळते आणि कानाला माणसांचे आवाजही येऊ लागतात. किनारा गाठण्याच्या आधीचे दोन दिवस झोप साठवून घ्यावी. थकलेल्या माणसाने रात्री अनोळखी बंदरात शिरू नये. नौका समुद्राकडे तोंड करून थांबवावी आणि उजाडण्याची वाट पाहावी.

हवा वाचणे आणि वादळाला तोंड देणे

उपग्रह-फोनवरून रोजचा अंदाज घ्यावा, पण बॅरोमीटरची नोंद दर तीन तासांनी हातानेच करावी. उष्ण कटिबंधात वायुभार रोज ठरावीक लयीत दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: स्थानिक वेळेनुसार सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वाधिक, तर पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो. ही लय वजा करून वायुभार त्या महिन्याच्या सरासरीपेक्षा ३ हेक्टोपास्कलने खाली असेल तर चक्रीवादळाचा संशय घ्यावा, आणि ५ ने खाली असेल तर ते जवळ आहे असेच धरून चालावे. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास न्यूनदाबाचे केंद्र डाव्या हाताला असते, दक्षिण गोलार्धात उजव्या हाताला. वादळाच्या वाटचालीच्या दिशेकडे तोंड केल्यास त्याची अधिक धोकादायक बाजू उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे पडते.

लाटांचा कालावधी घड्याळावर मोजण्याची सवय लावून घ्यावी. खोल पाण्यात लाटेचा वेग कालावधीवर ठरतो: सेकंदांना १.५६ ने गुणले की मीटर प्रतिसेकंद मिळतात. १४ सेकंदांच्या लाटेचा वेग सुमारे ४२ नॉट असतो, पण लाटांच्या समूहाची ऊर्जा निम्म्या वेगाने, म्हणजे सुमारे २१ नॉटने, दिवसाला ५०० मैल पुढे सरकते. चक्रीवादळ स्वतः बहुधा यापेक्षा हळू चालते, त्यामुळे स्वच्छ आकाशाखाली एका नव्याच दिशेने येऊ लागलेल्या लांब, संथ लाटा ही कित्येकदा त्याची पहिली बातमी असते.

वारा वाढताना शीड आखडण्याचा विचार मनात आला की लगेच आखडावे. अंदाजात सांगितलेली लाटांची उंची ही सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्यांतील एखादी लाट जवळजवळ दुप्पट उंच असणार, हे गृहीत धरावे. नौका उलटवते ती बहुतांशी आडवी येऊन फुटणारी लाट. नौकेच्या लांबीच्या सुमारे ६० टक्के उंचीची फुटणारी लाट कुशीवर आदळली, तर जवळजवळ कोणतीही नौका उलटू शकते. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत १५ स्पर्धकांचे प्राण गेल्यानंतर या विषयाचा पद्धतशीर अभ्यास झाला. विमान अभियंता डोनाल्ड जॉर्डन यांनी एका लांब दोरावर शंभराहून अधिक छोटे कापडी शंकू बांधलेला ओढनांगर तयार केला, तोही याच घटनेनंतरच्या संशोधनातून. तो मागील बाजूने सोडला की नौकेची पाठ लाटांकडे राहते, वेग एक-दोन नॉटवर येतो आणि माणूस आत जाऊन दार लावून घेऊ शकतो. एकट्यासाठी मला हीच पद्धत सर्वांत योग्य वाटते, कारण तिला तासन्‌तास सुकाणूवर बसण्याची गरज लागत नाही. दोराची टोके बांधायचे दोन मजबूत बिंदू मात्र नौका बांधतानाच बसवून घ्यावेत.

वाटेतील वैज्ञानिक नोंदी

शिडाची नौका जेथून जाते, तेथून व्यापारी जहाजे कित्येक महिने जात नाहीत. म्हणून एकट्या माणसाच्या नोंदींनाही मोल आहे, विशेषतः दक्षिण महासागरात. समुद्राने मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा आणि वाढत्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा शोषला आहे. ती कोठे आणि किती शोषली जाते, हे प्रत्यक्ष मोजमापांवरूनच कळते. बोरिस हर्मन यांनी शर्यतीच्या नौकेवर कार्बन डायऑक्साइड, तापमान आणि क्षारता मोजणारे उपकरण नेऊन अशी मोजमापे केली आहेत.

साध्या साधनांनीही पुष्कळ करता येते. पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी ३० सेंटिमीटर व्यासाची पांढरी, वजन बांधलेली तबकडी पुरते. अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात ती प्रथम वापरली. नौका थांबवून, दहा ते दोनच्या दरम्यान, सावलीच्या बाजूने तबकडी सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली, या दोहोंची सरासरी लिहावी. खोल समुद्रात पारदर्शकता मुख्यतः वनस्पती प्लवकांवर अवलंबून असते, आणि पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ निम्मा भाग हे सूक्ष्म जीव करतात.

पृष्ठभागाचे तापमान उष्णतारोधक बादलीत पाणी घेऊन, सावलीत, मिनिटाभरात वाचावे. पूर्वीच्या कापडी बादल्यांत बाष्पीभवनाने पाणी थंड होत असे आणि इंजिनच्या नळातून घेतलेले पाणी थोडे गरम येत असे. या फरकामुळे विसाव्या शतकातील तापमाननोंदींत शिरलेली चूक शास्त्रज्ञांना नंतर मोठ्या कष्टाने दुरुस्त करावी लागली. म्हणून आकड्याबरोबर पद्धतही लिहावी.

आर्गो प्रकल्पाची सुमारे ४,००० स्वयंचलित तरंगयंत्रे १,००० मीटर खोलीवर वाहत राहतात आणि दर दहा दिवसांनी २,००० मीटरपासून वर येत तापमान व क्षारता मोजतात. शर्यतीतील नौकांनीही ती दुर्गम भागांत सोडली आहेत. वीस-पंचवीस किलोचे असे यंत्र न्यायचे असेल, तर संबंधित संस्थेशी निघण्यापूर्वी बरेच महिने बोलावे. खोलीमापकाच्या नोंदीही जपाव्यात, कारण समुद्रतळाचा सुमारे एक-चतुर्थांश भागच आजवर नेमकेपणाने मोजला गेला आहे.

प्रत्येक नोंदीत जागतिक प्रमाणवेळ, अक्षांश-रेखांश, वायुभार, वारा, लाटांची उंची व कालावधी आणि पाण्याचे तापमान एवढे तरी असावे. संवेदक पाणरेषेपासून किती खाली बसवला आहे, तो प्रवासाआधी आणि नंतर कशाशी ताडून पाहिला, हेही लिहावे. सूक्ष्म प्लास्टिक गोळा करण्यासाठी पाण्यात ओढलेल्या जाळीत काहीच सापडले नाही, तर ‘काही नाही’ अशी नोंद करावी. कोरी जागा आणि शून्य यांचा अर्थ विश्लेषण करणाऱ्यासाठी अगदी वेगळा असतो. संगणकातील प्रतीखेरीज कागदी वही ठेवावी आणि प्रत्येक बंदरात तिच्या पानांची छायाचित्रे काढून किनाऱ्यावर पाठवावीत. वहीतील चुकीचा आकडा खोडून काढू नये. तो वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी नवा आकडा, वेळ आणि दुरुस्तीचे कारण लिहावे.